समुपदेशन केंद्रात नव्याने रुजू होताना: पहिल्या भेटीपासून पाठपुराव्यापर्यंत

मी कामाला लागले तेव्हा हातात एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याची पदवी होती, कपाटात आधीच्या ताईंनी ठेवलेली तीन रजिस्टरं होती आणि काय करायचं हे सांगणारं कुणीच नव्हतं. पहिल्याच दिवशी साडेअकराच्या सुमारास एक बाई आल्या. मी रजिस्टर उघडलं आणि रकाने होते त्या क्रमाने विचारत गेले: नाव, वय, गाव, लग्नाचं वर्ष, मुलं, तक्रार. शेवटचा रकाना होता 'अर्जदाराची अपेक्षा'. "नांदायचंय का?" मी विचारलं. "नांदायचंच आहे की," त्या म्हणाल्या. मी 'समेट' असं लिहिलं, नवऱ्याला केंद्रात बोलावणारं पत्र टाकलं आणि त्यांना घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. पत्र घरी पोचलं त्या रात्रीच ते झालं होतं.

पत्र टाकण्याआधी मी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मला कुणी शिकवला नव्हता. म्हणून हे लिहायला घेतलंय. महिला समुपदेशन केंद्र, पोलिसांच्या आवारातला विशेष कक्ष, सखी केंद्र किंवा एखाद्या संस्थेचं कुटुंब सल्ला केंद्र, यांपैकी कुठेही तुम्ही नव्याने लागला असाल, तर मला जे कळायला काही वर्षं गेली ते तुम्हाला पहिल्या महिन्यांतच कळावं. पुढच्या प्रत्येक पायरीला तो एक प्रश्न जोडून वाचा: मी आत्ता जे करणार आहे, त्यामुळे आज रात्री तिच्या घरी काय होईल?

१. आधी माणसं ओळखून घ्या

पहिल्या आठवड्यात जमेल तेवढं फिरा आणि ज्यांच्याशी रोज काम पडणार आहे त्यांना समोरासमोर भेटून या. नंतर अडीनडीला फोन करताना याचा फार उपयोग होतो.

संरक्षण अधिकारी हे कायद्याने नेमलेलं पद आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून, आणि तो जमिनीवर उतरतो तो यांच्या टेबलावरून. घटनेचा अहवाल बनवणं, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करणं, मोफत वकील, निवारा, वैद्यकीय तपासणी मिळवून देणं, कोर्टाचा आदेश पाळला जातोय का ते बघणं, हे सगळं त्यांच्या कर्तव्यात येतं. तुमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, कुठल्या वारी जागेवर भेटतो आणि कोर्टात कधी असतो, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात तुमची गाठ बहुतेक वेळा ठाणे अंमलदाराशी पडेल. साहेब बदलतात, पण ठाण्यातली महिला हवालदार बरीच वर्षं तिथेच असते आणि गावागावातली घरं तिला माहीत असतात. तिच्याशी ओळख वाढवा.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आणि तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो. त्यासाठी तिचं उत्पन्न बघितलं जात नाही. बाई असणं एवढंच पुरेसं आहे. "तुमच्या नावावर जमीन आहे, तुम्हाला नाही मिळणार" असं सांगून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्यात. तसं झालं तर तुम्ही स्वतः सोबत जा, किंवा १५१०० वर फोन लावून द्या.

सखी वन स्टॉप सेंटरमध्ये साधारण पाच दिवसांपर्यंत राहता येतं. त्यापुढचा मुक्काम हवा असेल तर निवारागृह शोधावं लागतं. तिथे मुलांना घेतात का, किती वयाच्या मुलापर्यंत घेतात, हे फोनवर विचारून ठेवा. बारा वर्षांच्या मुलाला आत घेत नाहीत हे रात्री दहा वाजता दारात कळणं फार वाईट असतं.

दवाखान्याला विसरू नका. बाई पोलिसांकडे येण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरकडे गेलेली असते, "पाय घसरून पडले" असं सांगून. हेच ओळखून २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तुमच्या ग्रामीण रुग्णालयात असं केंद्र नसेल, तरी एखादी नर्स ताई असतेच जिला ही 'घसरून पडलेली' बाई ओळखू येते. तिला तुमचा नंबर द्या. आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यांनाही द्या, पण एक भान ठेवून: त्या त्याच गावच्या असतात, कधी कधी त्याच भावकीतल्या.

आणि शेवटी तुम्ही स्वतः. विशेष कक्ष पोलिसांच्या आवारात असतो, म्हणून बायका आपल्याला पोलीसच समजतात. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला कक्ष सुरू केला तो याच विचाराने, की बाई जिथे दाद मागायला येते तिथेच तिचं ऐकणारा समाजकार्यकर्ता असावा. पण आपण पोलीस नाही, न्यायाधीश नाही, वकीलही नाही. हे तिला पहिल्या पाच मिनिटांत सांगा, म्हणजे "मॅडम, त्याला आत टाका" आणि "मॅडम, त्याला नुसतं दटावा" या दोन्ही अपेक्षांचं ओझं कुणावरच राहत नाही.

इथला सापळा: तिला 'पाठवणं'. "हे आमच्याकडे नाही, तुम्ही अमुक ऑफिसला जा" या एका वाक्याने किती बायका परत घरी गेल्या असतील त्याची गणती नाही. आधी तिच्यासमोर त्या माणसाला फोन लावा, नाव सांगा, चिठ्ठीवर त्याचं नाव आणि वेळ लिहून द्या, आणि संध्याकाळी ती पोचली का ते विचारा.

२. खोली लावून घ्या

केंद्राची खोली म्हणजे बहुतेक ठिकाणी एक टेबल, दोन कपाटं आणि दारातून सगळं दिसेल अशी रचना. शक्य असेल तर टेबल हलवा. तिची खुर्ची दाराच्या जवळ असावी, तिला उठून जावंसं वाटलं तर तुम्हाला ओलांडून जावं लागू नये. दारावर पडदा हवा. पाण्याचा तांब्या आणि मुलांसाठी खडूची पेटी ठेवा.

टेबलाच्या खणात काय असावं: कोरे अर्ज, अहवालाचे नमुने, शाईचं पॅड (अंगठ्यासाठी), मोबाइलचा चार्जर, सॅनिटरी पॅड, थोडे सुटे पैसे एसटीच्या भाड्यापुरते, आणि मागच्या पाच-सहा वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं. कॅलेंडरं कशाला, ते पाचव्या पायरीत सांगते.

भिंतीवर किंवा टेबलाच्या काचेखाली मोठ्या अक्षरात नंबर असू द्यात: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८, विधी सेवा १५१००, मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६.

३. पहिली भेट

ही पायरी घाईने करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, आणि बहुतेकींनी मागितली ती आपल्याच घरच्यांकडे. तुमच्या समोरच्या खुर्चीत बसलेली बाई तिथपर्यंत कशी आली असेल याचा अंदाज यावरून करा. ती घरून 'बाजाराला जाते' असं सांगून आलेली असते आणि तिला तीनची गाडी पकडायची असते. म्हणून सगळ्यात आधी विचारा: "किती वेळ आहे तुमच्याकडे? घरी काय सांगून आलात?"

सोबत कुणी आलं असेल तर पहिली पंधरा मिनिटं तिच्याशी एकटीशी बोला. आई असली तरी, भाऊ असला तरी. भावासमोर ती पैशांचं सांगेल, अंथरुणातलं सांगणार नाही. आईसमोर तर "तू सांगितलं नाहीस मला कधी" यातच वेळ जातो. बाहेर बसवताना सोबतच्यांचा मान राखा: "दादा, तुम्ही आलात ते फार बरं केलंत, ताईंशी जरा बोलते, मग तुमच्याशीही बोलायचंय."

मग गुप्ततेचं सांगा, आणि खरं सांगा. तिच्या परवानगीशिवाय आपण कुणाला काही सांगत नाही, पण दोन ठिकाणी हात बांधलेले असतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने ते कळवावंच लागतं. आणि ती स्वतः अठरा वर्षांच्या आतली असेल तर लग्न झालेलं असलं तरी तेच लागू होतं. बालविवाहाचं प्रमाण जास्त असलेल्या भागात काम करत असाल तर हे तिने बोलायला सुरुवात करण्याआधीच सांगायला हवं. सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं तर तिला तो दगाच वाटतो.

विचारायचं कसं, यावर थोडं सविस्तर लिहिते. "मारतात का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. एक ताई माझ्याशी बोलताना सारखी मान वळवून उजवा कान माझ्याकडे करत होती. मला वाटलं, नजर टाळतेय. तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं, "तसं काही विशेष मारत नाहीत." मी आवाज जरा खाली आणून पुढचा प्रश्न विचारला तर तिला तो ऐकूच आला नाही. दोन वर्षांपूर्वी बसलेल्या एका चपराकीने डाव्या कानाचा पडदा फाटला होता. कानातून पू यायचा आणि कापसाचा बोळा घालून ती शेतावर जायची. तिच्या हिशेबी मारणं म्हणजे काठीने मारणं. चपराक त्यात धरलेलीच नव्हती.

म्हणून नेमकं विचारा. हात उगारला जातो का? ढकललं जातं का? घराबाहेर काढून दार लावलं का कधी? जेवायला मिळतं का, कधी मिळालं नाही असं झालं? तुमची मजुरी, पगार, बचत गटाचं कर्ज कुणाच्या हातात जातं? एटीएम कार्ड कुणाकडे असतं? माहेरी फोन करू देतात का? मनाविरुद्ध जवळ येणं होतं का? कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारची हिंसा मोजली जाते. तिला हे प्रकार ठाऊक नसतात, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ते लक्षात ठेवायचं काम आपलं.

आणि हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. भावाने घरातून काढलेली बहीण, मुलगा मारतो ती आई, सासूच्या छळाला कंटाळलेली विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेली बाई, या सगळ्यांना तो लागू आहे. म्हातारी बाई दारात दिसली की "पेन्शनचं पलीकडच्या ऑफिसात" असं सांगायची सवय लागते, ती लागू देऊ नका.

काय बोलू नये तेही सांगते. "टाळी एका हाताने वाजत नाही." "मुलांकडे बघा." "दारू सुटली की होईल नीट." "इतकी वर्षं काय करत होता?" ही वाक्यं तिने घरी, माहेरी, पंचांसमोर ऐकलेली असतात. आपल्याकडून पुन्हा ऐकायला ती तीन गाड्या बदलून आलेली नसते.

भेट संपताना एक गोष्ट नक्की करून घ्या: तिला फोन करायचा का, कुठल्या नंबरवर, कुठल्या वेळी, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर आपण कोण म्हणून सांगायचं. बचत गटाची मीटिंग हे कारण बहुतेक ठिकाणी चालतं, पण ती गटात नसेल तर तेच कारण तिच्या अंगाशी येईल. तेही तिलाच विचारा. मी रजिस्टरमध्ये पट्टीने एक जादा रकाना आखून घेतलाय, 'घरी फोन/पत्र चालेल का'. तो रिकामा असेल तर कुठलंही पत्र जावक होत नाही.

४. जिवाला धोका किती, ते तपासा

पहिल्याच भेटीत हे झालं पाहिजे. हे प्रश्न सरळ विचारा, चाचरू नका:

गळा दाबलाय का कधी? कोयता, कुऱ्हाड, चाकू दाखवलाय का? अंगावर रॉकेल किंवा पेट्रोल ओतायची धमकी दिली का? संशय घेतो का, पाठलाग करतो का? तुम्ही गरोदर आहात का, आणि गरोदरपणात मारलं का? "तुला मारून मी पण मरेन" असं म्हणतो का? मारहाण गेल्या काही महिन्यांत वाढलीय का? तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?

यातला गळ्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गळा दाबल्यावर बाहेर वळ उमटेलच असं नाही. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, डोकं गरगरतंय असं ती म्हणाली तर बोलणं तिथेच थांबवा आणि तिला दवाखान्यात घेऊन जा. त्रास काही तासांनी, कधी दिवसांनीही वाढतो. घटनेचा अहवाल तयार नाही या कारणाने दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत.

दुसरी गोष्ट. बाई घर सोडायचं ठरवते किंवा सोडते तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो. "निघून का येत नाहीस?" हे म्हणणं सोपं आहे. तयारी नसताना निघणं जिवावर बेतू शकतं.

मग तिच्यासोबत सुरक्षा आराखडा लिहा. कायद्याच्या नियमांमध्ये याचा छापील नमुना आहे, पाच क्रमांकाचा. पण आधी बोलून घ्या, नमुना नंतर भरा. भांडण वाढलं तर ती कुठल्या खोलीत जाईल? स्वयंपाकघरात नको, तिथे विळी आणि गॅस असतो. मागचं दार आहे का? शेजारच्या कुणाला खूण सांगून ठेवता येईल? मुलांना कुणाकडे पळायचं ते माहीत आहे का?

कागदपत्रं एकदम उचलून आणू नका, ते लक्षात येतं. एकेक करून फोटो किंवा झेरॉक्स काढून विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला सांगा. यादी ही:

आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो. मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचं बोनाफाइड. दवाखान्याची केसपेपरं, एक्सरे, औषधाच्या चिठ्ठ्या. माहेरून आलेल्या दागिन्यांच्या सोनाराच्या पावत्या, भांड्यांची यादी. पोलिसांत आधी दिलेल्या तक्रारींच्या प्रती. नवऱ्याच्या नोकरीचा, जमिनीचा कुठलाही पुरावा, सातबाराचा उतारा चालतो. रोजची औषधं, घराची जादा किल्ली, थोडे पैसे.

फोनचा सापळा नवीन आहे आणि मी त्यात एकदा फसलेय. मी तिला केंद्राचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला. तिने तो लगेच पुसला, पण तिचं खातं नवऱ्याच्या लॅपटॉपवरही उघडं होतं. आता मी पत्ता कागदावरही देत नाही, खुणेने सांगते. लोकेशन कुणाला दिसतं का, बँकेचे मेसेज कुणाच्या नंबरवर जातात, हे तिच्यासोबत बसून बघून घ्या.

५. डीआयआर लिहिणं

डीआयआर म्हणजे कौटुंबिक घटनेचा अहवाल, नमुना एक. तो संरक्षण अधिकारी लिहितो, किंवा तुमची संस्था सेवा पुरवठादार म्हणून नोंदलेली असेल तर तुम्ही लिहू शकता, तिची इच्छा असेल तर. पुढे कोर्टात हाच कागद बोलतो. आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त चुका इथेच करतो.

पहिली चूक: "पती नेहमी दारू पिऊन शिवीगाळ व मारहाण करतो." हे वाक्य मी शेकडो अहवालांत वाचलंय. त्यातून कुठलीच बाई दिसत नाही. कुठे, कधी, कशाने, कुठल्या अंगाला, कोण होतं तिथे, त्यानंतर काय केलं, हे हवं.

"तारीख आठवत नाही" हे उत्तर ठरलेलं असतं, कारण तिचं वर्ष तारखांनी चालत नाही. तिला तिच्या वर्षाने विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? ऊसतोडीहून परत आलात त्या वर्षी? धाकटी तेव्हा अंगणवाडीत होती की पहिलीत? एका ताईंना तारीख, महिना काही आठवेना. मग म्हणाल्या, "वटपौर्णिमेच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी वडाला दोरा गुंडाळताना हात वर होत नव्हता." कोणत्या वर्षीची वटपौर्णिमा ते मुलीच्या इयत्तेवरून काढलं, आणि खणातलं त्या वर्षीचं कॅलेंडर उघडलं. तारीख मिळाली. कॅलेंडरं यासाठी.

दुसरी चूक: तिची भाषा साफसूफ करणं. तिने सांगितलेली शिवी तशीच लिहा. 'अर्वाच्य भाषा वापरली' हे लिहिणाऱ्याच्या सोयीचं असतं.

तिसरी चूक: फक्त मार लिहिणं. पगार काढून घेणं, स्त्रीधन गहाण टाकणं, घराला कुलूप लावून जाणं, मुलांना भेटू न देणं, हे सगळं अहवालात आलं तरच पुढे त्याबद्दल मागता येतं.

लिहून झाल्यावर तिला पूर्ण वाचून दाखवा, तिला वाचता येत असलं तरी. वाचताना ती थांबवते, "असं नाही, त्याच्या आधी सासूबाई आल्या होत्या." तिथेच दुरुस्त करा, मगच सही किंवा अंगठा. तिची प्रत तिला फुकट मिळते. ती प्रत घरी न्यायची की इथेच ठेवायची, हे पुन्हा त्या रात्रीच्या प्रश्नाने ठरवा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: डीआयआर म्हणजे केस नव्हे. तो मॅजिस्ट्रेटकडे आणि पोलिसांकडे जातो, पण आदेश हवा असेल तर कलम १२ खाली अर्ज करावा लागतो, नमुना दोन. "अहवाल दिलाय ना, आता कोर्टातून बोलावणं येईल" या समजुतीवर आठ महिने वाट बघत बसलेली बाई मला भेटलीय. तिला ते तसंच सांगून पाठवण्यात आलं होतं.

६. पोलिसांकडे जायचं ठरलं तर

ठरवणार ती. तुम्ही फक्त दोन वाटा तिच्यापुढे नीट मांडा. कौटुंबिक हिंसाचार कायदा दिवाणी स्वरूपाचा दिलासा देतो: संरक्षण, घर, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. संरक्षणाचा आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरी वाट फौजदारी. नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं जुनं कलम ४९८ अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आलंय. दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येतात.

ठाण्यात बऱ्याचदा एनसी घेऊन बोळवण होते. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिचा तपास आपोआप सुरू होत नाही. ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण 'पोलिसांत केस केलीय' असा बाईचा समज होतो, तो तिथेच दूर करा. हद्दीचं कारण सांगितलं तर हद्द कुठलीही असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो हे शांतपणे सांगा. शांतपणेच. ठाण्यात आपण आवाज चढवला तर आपण निघून येतो आणि पुढच्या वेळी तिला एकटीला त्याच टेबलासमोर उभं राहावं लागतं.

७. संयुक्त बैठक

नवऱ्याला, सासरच्यांना बोलावून समोरासमोर बसवणं म्हणजेच समुपदेशन, असा समज सगळीकडे आहे, आपल्या वरिष्ठांचाही. बैठक घ्यायचीच असते असं नाही. तिने मोकळेपणाने 'हो' म्हटलं, धोका तपासून झाला आणि त्याच्याशी वेगळं बोलून झालं, मगच घ्या. कायद्याच्या नियमातच लिहिलंय की समुपदेशनात हिंसेचं समर्थन सामनेवाल्याला मांडता येणार नाही, आणि समुपदेशनाचा रोख हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घेण्यावर असावा. म्हणजे "तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उचलला" हे बोलणं सुरू झालं की तुम्हाला थांबवण्याचा अधिकार आहे. "कारण नंतर ऐकते. हात उचलला, हे मान्य आहे का?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

बाहेर जीपभरून आलेल्या भावकीला आत घेऊ नका. दोघं आल्यावर बसायच्या जागा आधी ठरवा. हमीपत्र लिहायचं तर 'यापुढे सुखाने नांदवीन' असं मोघम नको. पगारातले किती रुपये, महिन्याच्या कोणत्या तारखेला, कुणाच्या खात्यात. माहेरी फोन करू देणार. अमुक तारखेला दोघं पुन्हा येणार. आणि तिने आपले हक्क सोडल्याचं एकही वाक्य त्यात येऊ देऊ नका. तंटामुक्ती समितीत किंवा पंचांसमोर असे कागद आधीच झालेले असतात, ते मागून घेऊन वाचा.

बैठक संपल्यावर तिला त्याच्याबरोबर त्याच गाडीवरून घरी पाठवू नका. तिला अर्धा तास थांबवून घ्या, चहा द्या, "जे ठरलं ते पटलं का" ते विचारा. खोलीत तिने होकार भरला होता आणि चहा पिताना "मला जायचं नाहीये" म्हणाली, असं अनेकदा होतं. मग नाही पाठवायचं.

स्टॅम्पपेपरची सोडचिठ्ठी घेऊन येणारी बाईही भेटेल. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न नोटरीच्या कागदाने मोडत नाही. एखाद्या समाजात फारकतीची रूढी असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. नवऱ्याने तो कागद दाखवून दुसरं लग्न लावलेलं असतं आणि पोटगी बंद केलेली असते. तिला सांगा की तिचा पोटगीचा हक्क गेलेला नाही, आणि त्याच दिवशी वकिलाशी गाठ घालून द्या.

८. कोर्टात

अर्ज ती माहेरी राहत असेल तर माहेरच्या हद्दीतल्या मॅजिस्ट्रेटकडेही करता येतो. तात्पुरत्या मुक्कामाची जागाही चालते. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तिला आधीच सांगा. म्हणूनच कलम २३ चा अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश पहिल्या अर्जासोबतच मागा, त्यासाठी नमुना तीनचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं.

"घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?" हे ती ऐकून आलेली असते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती तिथे संसार करत असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते. सासू-सासऱ्यांचं म्हणणंही कोर्ट ऐकतं आणि पर्यायी घराचा आदेशही होऊ शकतो, पण दार एकदम लावून घेता येत नाही.

शक्य असेल तर पहिल्या तारखेला तिच्यासोबत जा. कोर्टाच्या व्हरांड्यात तो आणि त्याचे लोक उभे असतात. सोबत कुणी बसलेलं असणं एवढ्याने तिच्या तोंडचं पाणी पळत नाही.

९. स्वतःला सांभाळा

गृहभेटीला एकटीने जाऊ नका, आणि जाताना ऑफिसच्या वहीत पत्ता आणि परतायची वेळ लिहून जा. स्वतःचा खासगी नंबर वाटू नका. मानधन उशिरा येतं, आणि ऐकलेलं सगळं रात्री डोक्यात राहतं. आठवड्यातून एकदा कुणा जुन्या ताईसोबत तासभर बसून केसबद्दल बोला, नावं न घेता. तुमच्या स्वतःच्या घरात असं काही घडलेलं असेल तर ते कामात वर येईल. लपवू नका, वरिष्ठांशी बोला आणि ती केस दुसरीकडे द्या.

१०. पाठपुरावा

एक आठवडा, एक महिना, तीन महिने, सहा महिने, या अंतराने फोन किंवा भेट, तिने सांगितलेल्या वेळीच. 'नंबर बंद' एवढं लिहून थांबू नका. तिने दिलेला दुसरा नंबर असतो तो लावा. तोही लागला नाही आणि चौथ्या पायरीत धोका जास्त निघाला असेल, तर पोलिसांना सोबत घेऊन बघून या.

ती परत घरी गेली तर फाइलवर 'समेट, बंद' असं लिहू नका. 'अर्जदार घरी गेल्या, संपर्क चालू' असं लिहा आणि पुढची तारीख टाका. पुष्कळ बायका दोन-चारदा जातात आणि परत येतात. मुलांची परीक्षा, आईचं आजारपण, पीक निघायचं असणं, अशी त्यामागची कारणं तिला ठाऊक असतात. तिसऱ्यांदा आली तर नवीन फाइल उघडून पहिल्यापासून नाव-गाव विचारू नका. जुनी फाइल काढून टेबलावर ठेवा, तिला ती दिसू द्या, पाणी द्या, आणि विचारा, "आज किती वाजताची गाडी आहे?"